जुन्या कॅराव्हॅनच्या आतील भिंतींसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा कसा निवडावा

जुनी कॅराव्हॅन आतून उघडल्यानंतर प्लायवूड कुजलेले आढळले किंवा मूळचा पत्रा ठिकठिकाणी चेपलेला व छिद्रे पडलेला निघाला, की बहुतेक जण थेट नागपूरच्या इतवारीतील धातूच्या दुकानांकडे वळतात आणि 'चांगला, चकचकीत पत्रा' मागतात. दुकानदाराला मात्र चार गोष्टी सांगाव्या लागतात: मिश्रधातूचा क्रमांक, त्याचा कडकपणा, मिलिमीटरमधील जाडी आणि पृष्ठभागाचा प्रकार. चकाकी पाहून यांपैकी पहिल्या तीन गोष्टींचा काहीच अंदाज येत नाही, आणि पुढे त्रास होतो तो बहुतेक वेळा याच तिन्हींमुळे.

जुना पत्रा भंगारात देण्यापूर्वी त्याचा प्रत्येक तुकडा क्रमांक घालून जपून ठेवावा, कारण खिडक्यांची भोके आणि छताकडे जाणारा बाक यांचा तोच अचूक नमुना असतो. त्यावरील जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे तो कोरडा घासू नये.

मिश्रधातूंपैकी भिंतींसाठी विचारात घेण्याजोगे मुख्यतः दोनच आहेत. ३००३ यात सुमारे सव्वा टक्का मँगनीज असते. तो सहज वाकतो, गंज धरत नाही आणि रंगही चांगला घेतो. ५०५२ यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते. तो अधिक मजबूत असतो, म्हणून दाराशेजारचा भाग, पलंगाखालची बाजू किंवा सामान आदळण्याची शक्यता असलेल्या जागी त्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरते. कोणताही क्रमांक न सांगता दुकानात मिळणारा साधा पत्रा बहुतेकदा जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा असतो. तो भांड्यांना उत्तम, परंतु भिंतीवर कोपर टेकले तरी त्यावर खोलगट खूण उमटते. अमेरिकेतील जुन्या एअरस्ट्रीम कॅराव्हॅनच्या बाहेरच्या अंगासाठी २०२४-टी३ हा विमानांत वापरला जाणारा, दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेला पत्रा वापरला जात असे, हे वाचून अनेकांना आतूनही तोच हवासा वाटतो. तो मोह टाळावा. तो महाग असतो, काटकोनात दुमडताना त्याला भेगा पडतात आणि तांब्याचे प्रमाण जास्त असल्याने वरचा शुद्ध थर घासून गेला की तो लवकर गंजतो. आतल्या भिंतीवर त्या ताकदीचा उपयोगही नसतो.

कडकपणा दाखवणारी अक्षरे क्रमांकाच्या पुढे लिहिलेली असतात, आणि बिलावर ती नेमकी गाळली जातात. 'ओ' म्हणजे पूर्ण मऊ पत्रा. तो सपाट भिंतीवर सरळ राहत नाही. ३००३ मध्ये एच१४ (अर्धकडक) आणि ५०५२ मध्ये एच३२ (पाव कडक) हे प्रकार भिंतींना योग्य असतात, कारण ते पुरेसे ताठ राहूनही फोल्डिंग मशीनवर दुमडता येतात. खरेदीपूर्वी त्याच पत्र्याची छोटी कात्रण मागून ती कारखान्यात पत्रा लाटला गेला त्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने, अशी दोन्हीकडे वाकवून पाहावी. दुमडीच्या बाहेरच्या कडेवर बारीक भेगा दिसल्या, तर तो पत्रा कोपऱ्यांच्या कामाचा नाही.

आता जाडी. येथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण गेज हा शब्द दोन वेगळ्या मापनपद्धतींसाठी वापरला जातो. अमेरिकन मार्गदर्शिकांत ॲल्युमिनियमचा २० गेज म्हणजे ०.८१ मिलिमीटर, तर आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत २० गेज म्हणजे ०.९१ मिलिमीटर आणि २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर. म्हणून गेज बोलूच नये; '०.८ मिलिमीटर' असे सांगावे व तसेच बिलावर लिहून घ्यावे. सुमारे ४० सेंटिमीटर अंतरावर आधारपट्ट्या असलेल्या सपाट भिंतीला ही जाडी पुरते. आधार विरळ असतील तर १ मिलिमीटर घ्यावा, आणि छताच्या बाकदार भागासाठी थोडा पातळ पत्रा हाताळायला सोपा जातो. मोजण्यापूर्वी संरक्षक प्लास्टिकचा पापुद्रा काढावा, नाहीतर मायक्रोमीटर खोटी जाडी दाखवतो. वजनावरूनही खात्री करता येते: १ मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला २.७ किलो भरतो, त्यामुळे आठ फूट बाय चार फुटांचा ०.८ मिलिमीटरचा पत्रा सुमारे ६.४ किलोचा असला पाहिजे, आणि २२ गेजचा निघाला तर तो सुमारे ५.७ किलो भरेल. पत्रा किलोच्या भावाने विकला जात असल्यामुळे काटा दुकानात असतोच.

नागपुरात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते, ती उष्णतेची. आठ फुटांचा पत्रा तापमान ५० अंशांनी वाढल्यास सुमारे २.८ मिलिमीटर लांबतो, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या भिंती व डिसेंबरच्या पहाटेच्या भिंती यांत तेवढा फरक सहज पडू शकतो. चहूबाजूंनी घट्ट रिव्हेट मारलेला पत्रा मग पोट काढतो आणि हलवल्यावर डबडबा वाजतो. म्हणून एका लांब पत्र्याऐवजी दोन तुकडे घ्यावेत, त्यांच्यात फट ठेवून वरून ॲल्युमिनियमची पट्टी लावावी, रिव्हेटची टोकाकडील भोके लांबट करावीत, आणि हे काम कडाक्याच्या थंडीतील पहाटे न करता मध्यम तापमानात करावे.

रिव्हेट ॲल्युमिनियमचेच घ्यावेत. ओलाव्यात पोलादी स्क्रूभोवती पत्रा गंजतो. तांब्याच्या क्षारांची वाळवीरोधक प्रक्रिया केलेल्या लाकडाला तर पत्रा थेट टेकू देऊ नये. पृष्ठभागाबाबत माझे मत स्पष्ट आहे: आरशासारखा पत्रा फोटोत देखणा दिसतो, पण खिडकीतून आलेल्या उन्हात आत बसवत नाही आणि बोटांचे ठसे पुसण्यातच वेळ जातो. नक्षीदार खडबडीत पत्रा बारीक चेपा लपवतो. फिकट रंगाचा पत्रा हवा असेल, तर कारखान्यातच रंगवलेला घ्यावा. स्वतः रंगवायचे झाल्यास ॲल्युमिनियमसाठीचा एचिंग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, आधी लावावाच लागतो.

दुकानात 'हाच स्वस्त आणि सपाट' म्हणून एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, दाखवले जाईल. त्यात दोन अतिशय पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असतो, आणि तो गाभा साध्या पॉलिथिनचा असल्यास जळतो. गॅसची शेगडी असलेल्या छोट्या बंद जागेत तो मी लावणार नाही.

मोठी खरेदी असेल, तर पत्रा लाटणाऱ्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील क्रमांक पत्र्यावरील छापाशी जुळवून पाहावा. शंका राहिलीच, तर अमरावती रोडवर वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र आहे, आणि तेथे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची चाचणी होते. एकदोन पत्र्यांसाठी मात्र एवढ्या खटाटोपाची गरज नाही, वाकवलेली कात्रण आणि काटा पुरेसा आहे.