केअर सेंटरमध्ये आईवडिलांना त्रास होतोय अशी शंका आली, तर या चुका टाळा

‘डिमेन्शिया आहे, काहीही बोलते’ असं म्हणून विषय झटकणं ही सगळ्यात घातक चूक. या आजारात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, तारीख, नावं पुसली जातात. भीती आणि दुखणं जाणवतच राहतं. ठरावीक माणूस खोलीत आला की अंग चोरणं, आंघोळीचं नाव काढताच किंचाळणं, हेही सांगणंच आहे. अर्थात, भास आणि संशय हा आजाराचाच भाग असतो, शिवाय लघवीच्या संसर्गानं एका दिवसात वागणं पालटू शकतं. म्हणून खरं-खोटं लगेच ठरवू नका. बोललेलं जसंच्या तसं लिहून ठेवा.

‘त्या नर्सनं मारलं ना?’ असंही विचारू नका. असा प्रश्न उत्तर तोंडात घालतो. ‘इथे काय झालं?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तराला वेळ लागतो.

वयानं कातडी पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साध्या धक्क्यानंही हात काळानिळा पडतो. पण दंडांवर बोटांचे ठसे, मनगटाभोवती पट्ट्यासारखी खूण, कानामागे किंवा मांडीच्या आतल्या बाजूला डाग दिसले, तर कारण लेखी मागा. रंगावरून वळ किती जुना हे डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता येत नाही, त्यामुळे दिसला त्याच दिवशी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणीची नोंद करून घ्या.

मारहाण नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. सुकलेली जीभ, उतरणारं वजन, टाचेवर किंवा माकडहाडावर दाबूनही फिका न पडणारा लाल चट्टा, ही हेळसांडीची खूण असू शकते. दिवसभर गुंगी असेल, तर औषधांचा चार्ट बघा. भास, संशय आवरायला दिल्या जाणाऱ्या आणि गुंगी आणू शकणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं (एफडीए) २००५ मध्येच दिला. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

भेटीची वेळ बदलत राहा. जेवणाच्या वेळी नक्की जा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायला त्याच पत्रात सांगा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर व्यवस्थापनाच्या उत्तराची वाट बघू नका. आंघोळ न घालता, कपडे न बदलता थेट रुग्णालयात न्या आणि पोलिसांना कळवा.