लसूण-बटरमधले तिखट स्टेकचे तुकडे: पॅनमध्ये तळं साचू न देता

पहिल्यांदा केले तेव्हा मी हे बीफ स्टेकचे तुकडे मटणासारखे केले. स्वच्छ धुतले, हळद-मीठ लावलं, आलं-लसणाची पेस्ट आणि तिखट चोळून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकदम पॅनमध्ये ओतले. दोन मिनिटांत पॅनमध्ये तळं साचलं. ते आटेपर्यंत मांस राखाडी आणि चिवट झालं, आणि आटल्यावर लसूण तळाला काळाठिक्कर. त्या रात्री आम्ही वरण-भात खाल्ला.

चूक माझ्या हाताची नव्हती, सवयीची होती. मटणाला मुरवणं हवं, पाणी सुटणं हवं, झाकण हवं, वेळ हवा. स्टेकला यातलं काहीच नको. इथे मिशिगनमध्ये आल्यापासून हा पदार्थ मी इतक्या वेळा केलाय की आता घड्याळही बघत नाही. पण आपल्याकडच्या कुणाला शिकवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅरिनेट किती तास करायचं?’ शून्य तास.

तिघांना पुरेल असं: ६०० ग्रॅम मांस, एक मोठा चमचा साजूक तूप, ४० ग्रॅम बटर, लसणाच्या सात-आठ जाड पाकळ्या, एक छोटा चमचा चिली फ्लेक्स, अर्धा छोटा चमचा लाल तिखट, जाडसर कुटलेली मिरी, मीठ, अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर.

मांस कुठलं

सरलॉइन, म्हणजे कमरेजवळचा भाग, घ्या. स्वस्त पडतं, चव आहे, आणि झटपट परतायला पुरेसं मऊ असतं. खिसा परवानगी देत असेल तर रिबआय (फासळ्यांजवळचा भाग) किंवा स्ट्रिप (पाठीचा भाग). टेंडरलॉइन सगळ्यात मऊ, पण चवीला फिकं. लसूण-बटरमध्ये मात्र ते खपून जातं. पाकिटावर ‘चॉइस’ ही अमेरिकेतली दुसरी प्रत असेल तर पुरे, सगळ्यात वरच्या ‘प्राइम’साठी जास्तीचे पैसे इथे घालवू नका.

‘स्ट्यू मीट’ लिहिलेलं, आधीच तुकडे करून ठेवलेलं पाकीट मात्र चुकूनही उचलू नका. ते बहुतेकदा खांद्याचं, तंतूंनी भरलेलं मांस असतं. त्याला दोन-तीन तास मंद शिजवावं लागतं, तुम्ही देणार चार मिनिटं. अख्खं स्टेक आणा, घरी कापा. लेबलवर ‘ब्लेड टेंडराइज्ड’ असं काही आहे का तेही बघा. अमेरिकेत २०१६ पासून हे लिहिणं बंधनकारक आहे. सुया-पाती खुपसून मऊ केलेल्या मांसात वरचे जंतू आत ढकलले जाऊ शकतात, त्यामुळे ते आतून गुलाबी ठेवू नये.

पुण्या-मुंबईत करणार असाल तर महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाच्या मांसावर बंदी आहे. मिळतं ते म्हशीचं. खाटकाकडे ‘अंडरकट’ मागा, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग. रंगाने गडद आणि चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे पटकन कोरडं पडतं. खाली दिलेल्या वेळेतून प्रत्येक बाजूची वीसेक सेकंदं कमी करा. बकऱ्याच्या मटणाचे तुकडे या पद्धतीने करायच्या फंदात पडू नका, दात दुखतील.

कापणं

तीन सेंटिमीटरचे तुकडे, मांसाच्या धाग्याला आडवे. लहान नकोत. पाककृतींच्या व्हिडिओत दाखवतात तसे बोराएवढे तुकडे केले तर बाहेर रंग येईपर्यंत आत चामडं होतं.

कोरडं करणं आणि मीठ

मांस धुवू नका. मला ठाऊक आहे, आईच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही हे पटत नाही. मलाही वर्षभर पटलं नाही. जंतू धुण्याने जात नाहीत, तव्यावर मरतात. धुतल्याने ते फक्त सिंकभर आणि ओट्यावर उडतात, आणि मांस ओलं होतं.

आता पेपर टॉवेलने तुकडे टिपा. एकदा नाही, दोनदा. टॉवेलला ओल लागायची थांबेपर्यंत.

मीठ दोनच वेळी लावता येतं: पाऊण तास आधी, किंवा पॅनमध्ये टाकायच्या क्षणी. मीठ लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ते आतलं पाणी बाहेर खेचतं आणि तुकड्यांवर घाम फुटल्यासारखे थेंब दिसतात. पुढे तेच खारं पाणी हळूहळू परत आत शिरतं. म्हणजे दहा मिनिटं आधी मीठ लावणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त, आणि बहुतेक लोक नेमका तोच साधतात, कारण तेवढ्यात लसूण सोलून होतो. पाऊण तास असेल तर मीठ लावून तुकडे ताटात पसरून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. परतण्याआधी पुन्हा टिपा.

मिरी, तिखट, लसूण यातलं काहीही आत्ता नाही.

तवा, आणि माझी दोन वर्षं

यातच सगळं आहे. बाकीचं चुकलं तरी खाता येतं, हे चुकलं तर वरण-भात.

पॅन बिडाचा हवा. नॉनस्टिक नको, त्याचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसपुढे (इथले सगळे अंश सेल्सिअसच) विघटित होऊन नको ते वायू सोडतो, आणि इथे आपण त्याच दिशेने चाललोय. बीड जड असतं, उष्णता साठवून ठेवतं, पण ती पसरवायला वेळ घेतं. म्हणून मोठ्या आचेवर दोन मिनिटं न तापवता मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा. मी सुरुवातीला घाई करायचो. बर्नरवरचा गोल तापलेला आणि कडा गार. मधल्या चार तुकड्यांना रंग, बाकीचे उकडलेले. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र करून जागीच विरला तर पॅन अजून तयार नाही. पाऱ्यासारखा घरंगळायला लागला की तापला.

तेल कुठलं यावर लोक भांडतात. मी साजूक तूप घालतो आणि याबाबतीत ऐकून घेत नाही. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचा घन भाग असतो. तो भाग दीडशे अंशांच्या आसपास करपू लागतो. तूप कढवताना आपण तोच बेरी म्हणून गाळून काढतो. राहिलेलं तूप अडीचशे अंशांच्या जवळपास जाईपर्यंत धुरकटत नाही. आपल्या आज्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून बरणीत भरून ठेवलाय, आणि आपण महागडं ऑलिव्ह ऑइल ओतून घरभर धूर करतो.

आता तुकडे. अर्धेच. ६०० ग्रॅम असतील तर १२ इंची पॅनमध्ये एका वेळी ३००, आणि दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा. ही बोटभर जागा शिकायला मला दोन वर्षं लागली, कारण मला वाटायचं, एवढा मोठा पॅन आहे, बसतायत की सगळे! बसतात. पण प्रत्येक तुकडा वाफ सोडतो, आणि ती वाफ निघून जायला वाट लागते. गर्दी झाली की ती तुकड्यांच्या मधेच अडकते, पाणी होते, आणि पाणी आलं की खेळ संपला. नळाचं पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. पॅनमध्ये साठवलेली सगळी ऊब त्यात खर्च होते. पाणी आहे तोवर मांसाचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग, तो खरपूस वास, हे सगळं साधारण १४० अंशांपुढे जोर धरतं. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या ज्या प्रक्रियेचं वर्णन केलं, ती हीच; भाकरीवरचे डाग आणि खरपूस भाजलेल्या रव्याचा वासही तिचाच.

टाकल्यावर हात मागे. दोन मिनिटं उलथणं, चिमटा, पॅन हलवणं, काही नाही. भाजी परतायची सवय असलेल्या हाताला ही दोन मिनिटं फार जड जातात. माझं उलथणं मी खरोखर दुसऱ्या खोलीत ठेवायचो. तुकडा चिकटलाय असं वाटलं तर तो अजून झालेला नाही. खाली रंग धरला की आपोआप सुटतो. कान द्या. कोरडी, सलग चरचर हवी. आवाज बुडबुड्यासारखा मऊ झाला तर पाणी सुटलंय: लगेच निम्मे तुकडे ताटात काढा, आच वाढवा, पाणी आटू द्या, मग पुढे. लाज वाटून घेऊ नका, अजूनही माझं कधीतरी होतं.

मग उलटा, दुसऱ्या बाजूला एक ते दीड मिनिट, आणि काढा. सहाच्या सहा बाजू लाल करायला जाऊ नका! फाशासारखा तुकडा, सहा बाजू, प्रत्येकीला दीड-दोन मिनिटं दिली तर आतलं मांस कधीच गेलेलं असतं. दोन बाजू गडद, चार फिकट. लसूण-बटरमध्ये घोळल्यावर कुणाला कळत नाही.

‘आच मोठी ठेवली की रस आत कोंडला जातो’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरा. एकोणिसाव्या शतकात लीबिगसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने हे म्हटलं, तेव्हापासून ते चालू आहे. ताटात काढलेल्या तुकड्यांखाली पाच मिनिटांत रस जमतोच, मग कोंडला कुठे? मोठी आच चवीसाठी असते. तो रस ओतून मात्र देऊ नका, लागणार आहे.

आत किती शिजलं हे थर्मामीटरने बघा, अंदाजाने नाही. मला ५५ अंशांच्या आसपास आवडतं, मध्ये गुलाबी. अमेरिकी सरकारचा सल्ला ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा, असा आहे. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर तोच पाळा, वाद नको.

धुराबद्दल: होणार. पंखा लावा, खिडकी उघडा. मिशिगनच्या जानेवारीत खिडकी उघडणं म्हणजे काय हे घरच्यांना विचारा. पहिल्या वर्षी आमचा स्मोक अलार्म इतक्यांदा वाजला की मुलगी अलार्म ऐकून ताटं मांडायला लागली होती.

लसूण-बटर

दुसरी खेप निघाली की गॅस बंद. बंद म्हणजे बंद. विजेची शेगडी असेल तर पॅन उचलून थंड बर्नरवर ठेवा. बीड पाच मिनिटं तरी स्वतःच्या ऊबेवर शिजवत राहतं. तळाला काळे कण दिसले तर पुसून घ्या, तपकिरी असतील तर राहू द्या. मिनिटभर थांबून बटर घाला. अमूलसारखं खारं बटर असेल तर मांसाचं मीठ आधीच कमी ठेवलेलं असू दे.

बटर फेसाळलं की लसूण. ठेचून पेस्ट नको, सुरीने चिरलेला. पेस्ट दहा सेकंदांत कडू होते. लसूण तांबूस व्हायची वाट बघू नका, फोडणीचा नियम इथे लागू नाही. कच्चा वास गेला, कडा जरा सोनेरी झाल्या, अर्धं मिनिट, की लगेच चिली फ्लेक्स, तिखट, मिरी, आणि पाठोपाठ ताटात जमलेला तो रस. रसाने पॅन गार होतो आणि तिखट करपत नाही. हाच क्रम तापल्या पॅनमध्ये केला तर घरभर ठसका, शेजारचेही बाहेर येतात. रंगाला काश्मिरी, झणक्याला चिली फ्लेक्स. संकेश्वरी कुणी पाठवली असेल तर तीच कुटून घाला, बाकी दोन्हींची गरज नाही.

तुकडे परत आत, वीस सेकंद घोळवा. लिंबू, कोथिंबीर, संपलं.

लगेच खा. इथले लोक बटाट्याच्या लगद्याबरोबर खातात. आमच्याकडे पाव लागतो, कारण खरी मारामारी पॅनच्या तळाला राहिलेल्या लाल बटरवरून होते. उरलेच तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चपलेचा तुकडा होईल. पातळ चिरून, थंडच, कच्च्या कांद्याबरोबर पावात भरून डब्याला न्या.