रिअर प्रोजेक्शन टीव्हीचा लॅम्प घरच्या घरी बदलणे

रिअर प्रोजेक्शन टीव्हीत आतला छोटा प्रोजेक्टर पडद्याच्या मागून चित्र टाकतो, आणि लॅम्प म्हणजे त्याला प्रकाश देणारा दिवा. आधी आपल्या टीव्हीत लॅम्प आहे का, ते बघा. सीआरटी प्रकारच्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीत तीन चित्रनळ्या असतात, तर उशिरा आलेल्या काही डीएलपी (म्हणजे बारीक आरशांच्या चिपने चित्र बनवणाऱ्या) टीव्हींत एलईडी. या दोन्हींत बदलायला लॅम्प नसतोच. लॅम्प असतो तो बाकीच्या डीएलपी, एलसीडी आणि एलकॉस (प्रकाश परावर्तित करणारी द्रवस्फटिक चिप असलेल्या) टीव्हींत.

दुसरा प्रश्न, बिघाड लॅम्पचाच आहे का? म्हातारा झालेला लॅम्प चित्र हळूहळू अंधुक आणि पिवळट करतो. शेवटी आवाज येतो पण पडदा काळाच राहतो, दोन-तीनदा पेटण्याचा प्रयत्न होतो आणि लॅम्पचा इंडिकेटर लुकलुकायला लागतो. या प्रयत्नांच्या वेळी आतून बारीक चटचट ऐकू येते. ती अजिबात येत नसेल तर लॅम्पआधी त्याला वीज देणाऱ्या बॅलास्टवर संशय घ्या. डीएलपीच्या चित्रात पांढरे ठिपके साचत असतील तर चिपवरचे आरसे अडकलेत. सुरू होताना कर्कश घरघर येत असेल तर कलर व्हीलचं, म्हणजे डीएलपीतल्या रंगीत काचांच्या फिरत्या चाकाचं, बेअरिंग गेलंय. नवा लॅम्प यातलं काहीही बरं करणार नाही.

लॅम्प हाउसिंगसकट, म्हणजे बल्ब ज्यात बसतो त्या चौकटीसकट, घेतलेला बरा. नुसता बल्ब स्वस्त पडतो, पण जुन्या हाउसिंगमधून बल्ब काढून नवा बसवताना तारेची क्लिप, दोन वायरींचे नट आणि वायर बाहेर येण्याची दिशा, सगळं जसंच्या तसं जुळवावं लागतं. बल्बभोवतीचा वाटीसारखा आरसा (रिफ्लेक्टर) किंचित तिरका बसला तरी पडद्याचा एक कोपरा काळपट दिसतो. टीव्हीचा मॉडेल नंबर आणि जुन्या हाउसिंगवरचा पार्ट नंबर, दोन्ही ताडून घ्या. वॅटही तेवढेच हवेत, कारण बॅलास्ट ठरावीक वॅटसाठीच बनवलेला असतो.

टीव्ही रिमोटने बंद करा, पंखा थांबू द्या, मग प्लग काढा. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर हात लावू नका. तापलेल्या लॅम्पमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट असतो, त्यामुळे इथे घाई करू नका. झाकण मॉडेलप्रमाणे मागे, बाजूला किंवा पुढे असतं. हाउसिंगचे स्क्रू बहुधा निघून पडत नाहीत, नुसते सैल होतात. चौफुलीच्या स्क्रूड्रायव्हरने ते सैल करा आणि मूठ धरून हाउसिंग सरळ बाहेर ओढा. तिरकं ओढलं तर कनेक्टरच्या पिना वाकतात.

आतली पोकळी रिकामी असताना हवेच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा. हवा मारायची तर बाहेरच्या दिशेने, नाहीतर तीच धूळ लेन्सवर जाऊन बसते. जुन्या कनेक्टरचं प्लास्टिक करपलेलं किंवा पिना काळ्या दिसल्या तर समोरचं सॉकेटही तपासा. ते सैल असेल तर नवा लॅम्पही लवकर जाईल.

नव्या लॅम्पच्या काचेला बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल उष्णतेत भाजून त्या जागी काच कमकुवत होते. लागलंच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. हाउसिंग तळाला टेकेपर्यंत दाबा, स्क्रू घट्ट करा, पण पिळू नका.

झाकणामागे एक छोटा खटका असतो. झाकण नीट बसलं नाही की तो दाबला जात नाही आणि टीव्ही पेटतच नाही. ‘नवा लॅम्पही खराब निघाला’ म्हणण्याआधी झाकण आणि कनेक्टर पुन्हा बसवून बघा. चित्र आलं की मेनूतून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या बटणाने लॅम्पचे तास शून्यावर आणा, नाहीतर लॅम्प बदलण्याची सूचना येतच राहील. पुढे, टीव्ही बंद केल्यावर लगेच परत लावू नका. गरम लॅम्प सहज पेटत नाही आणि प्रत्येक प्रयत्नात त्याचे इलेक्ट्रोड झिजतात.

लॅम्प फट्‌कन फुटला असेल तर प्लग काढा, खिडक्या उघडा आणि काही वेळ खोलीबाहेर थांबा. आत पारा असतो, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने पाऱ्याची वाफ खोलीभर पसरते. हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या डब्यात बंद करा. पंख्यात अडकलेला काचेचा कण नव्या लॅम्पसोबत खडखडायला लागतो, तेव्हा तिथेही टॉर्च मारून बघा. न फुटलेला जुना लॅम्प नव्याच्या खोक्यात भरून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.