मजुरी सारखी कशी द्यावी

साऱ्या समाजात पूर्ण समता येईल का, ते मी सांगू शकत नाही. आपल्या बांधाच्या आत मात्र बरीचशी आणता येते. आमची चोपडा तालुक्यात कपाशी आहे.

वेचणीचा दर किलोवर, म्हणून बाई-गडी भेद नाही. भेद काट्यावर होतो. आधी रिकामा काटा शून्यावर आहे हे दाखवा, मग गाठोडं लावा, आकडा मोठ्याने वाचा आणि मजुराच्याच वहीत लिहा. ओलीच्या नावाखाली वजन कापू नका. दव सुकल्यावरच वेचणी सुरू करा.

रोजंदारीत उघड अन्याय आहे. निंदणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईचा रोज गड्यापेक्षा कमी. समान कामाला समान वेतन राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये आहे, कायदाही १९७६ मध्ये झाला. रोज हंगामाआधी सगळ्यांसमोर ठरवा, मुकादमाच्या कानात नाही. शेजारचे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

सातपुड्यातून पावरा आदिवासी मजूर आले, तरी पाण्याचा माठ आणि ग्लास सगळ्यांना एकच.

म्हातारीचं मात्र किलोवर भागत नाही. दर सारखा असूनही तिच्या हातात कमीच पडतं. तिला रोजावर कापसातली कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि पालापाचोळा निवडायला बसवा, रोज इतरांइतकाच द्या.