पंचवीस वर्षांनंतरची बॅच: एमबीएला नव्याने जाणाऱ्यांसाठी

आमच्या बॅचची खबरबात गोळा करायचं काम पदवी मिळाल्यापासून माझ्याकडे आहे. दर पाच वर्षांनी सगळ्यांना लिहायचं, आलेला मजकूर जुळवायचा आणि मेळाव्याआधी पुस्तिका करून पाठवायची. आम्ही 1990च्या दशकाच्या मध्यात बाहेर पडलो, त्यामुळे आता या पुस्तिका हाताशी बऱ्याच साठल्या आहेत. एमबीएला नुकताच प्रवेश मिळालेली मुलं-मुली भेटतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक त्या दोन वर्षांपुरतेच असतात. समर इंटर्नशिप कुठे करावी, प्लेसमेंटला कोण येतं, पॅकेज किती मिळतं. प्रश्न रास्त आहेत. पण त्यापुढच्या पंचवीस वर्षांचा मजकूर माझ्यासमोर पडलेला आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या पुस्तिकेत सगळी कंपन्यांची नावं. कोण कन्सल्टिंगमध्ये, कोण इन्व्हेस्टमेंट बँकेत, कोणाला परदेशी पोस्टिंग. तेव्हा हाच क्रम कायमचा वाटत होता. दुसरी निघाली तोवर डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटला होता. मार्च 2000मध्ये पाच हजारांवर गेलेला नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर निर्देशांक ऑक्टोबर 2002पर्यंत अकराशेच्या आसपास घसरला. पहिल्या पुस्तिकेत ज्यांचा हेवा वाटायचा त्यातले कितीतरी जण दुसरीत नोकरी शोधत होते. मग सप्टेंबर 2008मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँक बुडाली आणि बँकांमध्ये स्थिरावलेल्यांची पाळी आली. यांपैकी कोणाचीही हुशारी मधल्या काळात कमी झालेली नव्हती.

पहिल्या नोकरीला महत्त्व नाही असं मात्र मी म्हणणार नाही. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ पॉल ऑयर यांचा तिथल्याच एमबीए पदवीधरांवरचा अभ्यास 2008मध्ये प्रसिद्ध झाला. शेअर बाजार तेजीत असताना पदवी घेतलेले विद्यार्थी जास्त संख्येने वॉल स्ट्रीटवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या वित्त क्षेत्रात, गेले आणि पुढेही तिथे राहण्याची शक्यता त्यांचीच जास्त होती. मंदीत बाहेर पडलेले इतर क्षेत्रांत गेले आणि बहुतेक तिकडचेच झाले. म्हणजे पहिलं क्षेत्र माणसाला दीर्घकाळ धरून ठेवतं आणि ते क्षेत्र मिळणं बरंचसं तुमच्या पदवीच्या वर्षावर असतं. मनासारखी प्लेसमेंट झाली नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. झाली म्हणून वर्गातल्या इतरांनाही कमी लेखू नका. आणि केवळ पॅकेजवर भुलून ज्या कामाचा कंटाळा येईल ते क्षेत्र घेऊ नका, कारण त्यातून निघायला वाटतं त्याहून जास्त वर्षं लागतात.

पूर्वी माहिती गोळा करायच्या फॉर्ममध्ये मी तीनच रकाने ठेवत असे: कंपनी, हुद्दा, शहर. दहाव्या वर्षाच्या सुमारास लक्षात आलं की काही जण शहर भरतात आणि बाकीचे दोन रकाने कोरे सोडतात. काही जण उत्तरच देत नाहीत. त्यात आमच्या वर्गातल्या मुली जास्त होत्या. पुढच्या वेळी मी हुद्द्याचा रकाना काढला आणि एकच प्रश्न ठेवला: सध्या दिवस कशात जातो? गप्प बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडून भरभरून मजकूर आला. एकीने आईच्या आजारपणात सोडलेल्या नोकरीबद्दल लिहिलं. कंपनी विकून टाकलेल्या एकाने लिहिलं की सकाळी उठून कुठे जायचं हेच त्याला कळत नाही. आमची वित्त विषयातली सगळ्यात तल्लख मुलगी दोन मुलांनंतर अर्धवेळ हिशेब बघत होती आणि पूर्णवेळ कामावर परतायची वाट शोधत होती.

तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कात्झ यांनी शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून 1990 ते 2006 या काळात बाहेर पडलेल्या एमबीएधारकांचा अभ्यास केला. सुरुवातीला स्त्री-पुरुषांची कमाई जवळजवळ सारखी होती. दहा-पंधरा वर्षांत मोठी दरी पडली. शिक्षणकाळातले विषय आणि गुण यांचा त्यात थोडा वाटा होता, पण करिअरमधला खंड आणि कामाचे कमी झालेले तास यांचा मोठा होता आणि या दोन्हींचा संबंध प्रामुख्याने मुलं होण्याशी होता. या क्षेत्रांत थोड्या महिन्यांच्या खंडाचीही फार मोठी किंमत मोजावी लागते. तेव्हा घर सांभाळणं ही कोणाची जबाबदारी, कोणाची बदली झाली तर कोण मागे जाणार, हे जोडीदाराशी नोकरी निवडतानाच बोला. पुरुषांनीसुद्धा बोलायचं आहे. आमच्या बॅचमध्ये हे बोलणं बहुतेक घरांत झालंच नाही आणि न बोलता जो निर्णय झाला तो जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकला.

ती मैत्रीण परतली. तिला संधी मिळवून दिली ती वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एकाने. दोन वर्षांत त्या दोघांचं जेमतेम बोलणं झालं असेल. पुस्तिकेत तिचा मजकूर वाचून त्याने फोन केला. त्याच्या कंपनीत तिच्याजोगी एक जागा भरायची होती. अशा गोष्टी मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता नवल वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ती माहिती देणारा माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा फक्त 16.7 टक्क्यांच्या बाबतीत निघाला. 55.6 टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलं आणि 27.8 टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कॉलेजचे जुने मित्र आणि आधीच्या नोकरीतले सहकारी त्यात होते. कारण सरळ आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं.

म्हणून त्या दोन वर्षांत आपल्या चार जणांच्या गटातच रमू नका. स्टडी ग्रुप निवडायची मुभा असेल तर ज्याची पार्श्वभूमी तुमच्यापेक्षा अगदी वेगळी आहे असा एक तरी माणूस घ्या. आणि गटाच्या कामात आपला वाटा वेळेवर द्या. मी हे पोटतिडकीने सांगते आहे. ग्रेड लोक विसरतात, पण प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री कोण गायब झालं होतं हे वीस वर्षांनीही लख्ख आठवतं. वर्गातल्या एखाद्याची शिफारस करावी का, असं मला कोणी विचारलं की बोलणं तिथेच येऊन पोचतं.

पुस्तिकेत जे छापून येत नाही तेही तुम्हाला माहीत असावं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 1979च्या बॅचमध्ये पुढे तिथेच प्राध्यापक झालेले क्लेटन ख्रिस्तेन्सेन होते आणि एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या घोटाळ्यात दोषी ठरून तुरुंगात गेलेले जेफ्री स्किलिंगही होते. ख्रिस्तेन्सेन यांनी आपल्या वर्गमित्रांबद्दल लिहिलं आहे, की घटस्फोट घ्यायचा, मुलांना दुरावायचं असं ठरवून कोणीच बाहेर पडलं नव्हतं, तरी कितीतरी जणांचं तसं झालं. आमच्याकडेही कमी-अधिक हेच चित्र आहे. अशा गोष्टी लोक मला लिहून पाठवत नाहीत, फोनवर सांगतात. पंधराव्या वर्षानंतर फोन वाढले आणि त्यात नोकरीपेक्षा तब्येत, आईवडील आणि मुलं यांच्यावरचं बोलणं जास्त असतं. नोकरी गेल्यावर लोक वर्गाच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडतात. कोणी असं गेलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात फोन करा आणि ग्रुपवर चौकशी करू नका.

आणि तुम्हाला स्वतःला दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या वर्गमित्राची मदत लागली तर लाजू नका. मात्र 'हाय, कसा आहेस, कधीतरी बोलू या' असं लिहून थांबू नका, समोरच्याला काय हवं आहे तेच कळत नाही. पाच-सहा ओळी पुरतात: आपण कोणत्या सेक्शनमध्ये होतो, मी आता काय करते, तुझ्या क्षेत्राबद्दल हे दोन प्रश्न आहेत, वीस मिनिटं मिळतील का. नोकरीच हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. काम झालं किंवा नाही झालं तरी पुढे काय घडलं ते कळवा. मदत करणारे बहुतेक जण मला हीच एक तक्रार सांगतात, की नंतर कोणी काही सांगतच नाही.