नाण्याची हातचलाखी कॅमेऱ्यासमोर: या चुका टाळा

नाणं गायब करायचा माझा पहिला व्हिडिओ मी भाच्याला दाखवला. त्याने तो दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बोटाने मागे ओढला आणि म्हणाला, "उजव्या हातातच हाय की, मामा." नाणं त्याला दिसलं नव्हतं. दिसला होता माझा उजवा अंगठा, ताठ, बाकीच्या बोटांपासून फटकून उभा राहिलेला.

आता रविवारी संध्याकाळी चार-पाच पोरं माझ्याकडे शिकायला येतात. त्यांचे व्हिडिओ बघतानाही हेच दिसतं. कॅमेऱ्यात नाणं क्वचितच सापडतं, सापडतो तो नाणं लपवणारा हात. खालच्या बहुतेक चुका या एकाच मुळातून फुटलेल्या आहेत.

नाणं तळहातात टिकतच नाही

आधी नाणं तपासा. २०१९ च्या नव्या मालिकेतला एक रुपया फक्त २० मिलिमीटरचा आहे, मोठ्या माणसाच्या तळहातात तो तग धरत नाही. वीस रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, पण बारा कोनांचं. ते हातात वळवताना कोपरे जाणवतात आणि बोटं अडखळतात. शिकायला दहा रुपयांचं नाणं घ्या. तेही २७ मिलिमीटरचं, गोल, वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, आणि दोन रंगांमुळे पडद्यावर उठून दिसतं. घरात आजीच्या डब्यात जुना चांदीचा रुपया असेल तर एकदा हातात धरून बघा. ११.६६ ग्रॅमचा तो रुपया अमेरिकन जादूगारांच्या आवडत्या हाफ डॉलरच्या जवळपास आकाराचा आणि वजनाचा आहे. सरावाला मात्र तो वापरू नका, फरशीवर पडून कडा जाते.

मग जागा तपासा. क्लासिक पाम म्हणजे नाणं तळहातात लपवून धरायची मूळ पकड. तिच्यात नाणं तळहाताच्या खड्ड्यात बसतं असं पोरं समजतात. ते धरलं जातं अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीकडचा उंचवटा यांच्या मध्ये, कडांवर. मधल्या दोन बोटांनी नाणं तिथे दाबायचं आणि अंगठ्याचा उंचवटा केसभर आत घ्यायचा, इतकंच बळ लागतं. पडत असेल तर जोर वाढवू नका. नाणं दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवून स्वतःची जागा शोधा. प्रत्येकाची वेगळी असते.

हवेचाही हात आहे यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घामाने नाणं तळव्याला चिकटतं आणि सोडायच्या क्षणी सुटत नाही. थंडीत त्वचा कोरडी पडते आणि तेच नाणं निसटतं. घामाला टॉवेल पुरतो. कोरड्या हाताला ग्लिसरिनचा एक थेंब चोळून, पुसून घ्या. आणि शेंगाचटणी-भाकरी खाल्ल्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन शूटिंगला बसू नका. तेल साबणाशिवाय जात नाही.

नाणं टिकतं, पण हात मेल्यासारखा दिसतो

सगळ्यात जास्त व्हिडिओ इथे फसतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. सूप मांडीवर, पत्र्याच्या साच्यावर कापलेली तेंदूची पानं एका बाजूला, तंबाखू दुसऱ्या बाजूला. पान उचललं, चिमूट पसरली, वळलं, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला. हे सगळं चालू असताना अक्का बोलतात माझ्याशी आणि बघतात दारातून रस्त्याकडे. बोटांना काही लपवायचं नाही, काही जपायचंही नाही, म्हणून ती सैल असतात. तासभर बघत बसलं तरी एकही बोट विनाकारण ताठलेलं दिसत नाही.

नाणं लपवलेल्या हाताला हेच जमायला हवं. आरशासमोर नुसतं नाणं धरून उभं राहून ते येत नाही. नाणं पाममध्ये ठेवून दुसरी कामं करा. चहाचा कप उचला, दार उघडा, वहीत चार ओळी लिहा, फोनवर मेसेज टाइप करा, शर्टाचं बटण लावा. पहिले तीन-चार दिवस नाणं सारखं खाली पडेल, पडू द्या. हात नाणं विसरला की अंगठा आपोआप खाली येतो. टी. नेल्सन डाउन्स हा अमेरिकन कलावंत नाण्यांचा राजा म्हणून जगभर गाजला, पण त्याआधी तो रेल्वेत तारयंत्रावर काम करायचा. ड्यूटीत मधल्या वेळात हाताला चाळा देता येतो, हे सोलापूरसारख्या रेल्वेच्या गावात कुणाला समजावून सांगायला नको.

एक सावधगिरी: अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. वीस मिनिटं एका दमात पुरेत.

खोटं टाकणं खऱ्या टाकण्यासारखं नाही

नाणं उजव्या हातातून डाव्यात दिल्याचं भासवायचं आणि उजव्यातच ठेवायचं, ही सगळ्यांची पहिली युक्ती. तुम्ही खरोखर नाणं देता तेव्हा काय होतं हे कधी बघितलंय? फोनचा कॅमेरा चालू करा आणि वीस वेळा खरंच द्या, काहीही न लपवता. मग वीस वेळा खोटं द्या. दोन्ही क्लिप एकामागून एक बघा.

फरक लगेच दिसेल. खऱ्या देण्यात डावी मूठ नाण्याच्या जाडीइतकी पोकळ राहते, खोट्यात ती गच्च मिटते. खऱ्यात देऊन झालेला उजवा हात तसाच कुठेतरी पडून राहतो, खोट्यात तो चोरासारखा लगबगीने खिशाकडे किंवा मांडीकडे निघतो. खऱ्यात नजर नाण्याबरोबर डाव्या हातात जाते, खोट्यात क्षणभर उजव्याकडे वळते. दुरुस्त करायचं ते खोटं. खरं देणं तुम्हाला लहानपणापासून येतंय.

नजरेचं सूत्र जॉन रॅम्सेने दिलं. स्कॉटलंडमधल्या एअर गावी किराणा दुकान चालवणारा हा जादूगार सांगायचा की लोकांनी जिथे बघावं असं वाटतं तिथे तुम्ही बघा, आणि त्यांनी तुमच्याकडे बघावं असं वाटलं तर त्यांच्याकडे बघा. समोर बसलेल्या माणसावर हे हमखास चालतं. कॅमेऱ्यावर निम्मंच चालतं, कारण लेन्सची नजर वळत नाही आणि बघणारा तोच सेकंद दहा वेळा बघू शकतो. म्हणून नजर नाण्याकडे ठेवाच, पण फक्त तिच्या भरवशावर हात उघडा टाकू नका.

मूठ उघडायची घाई हीसुद्धा मोठी चूक. नाणं दिलं आणि लगेच मूठ उघडली तर बघणाऱ्याला शेवटची हालचाल आठवते आणि तो तिथेच शोधतो. मध्ये काहीतरी घडू द्या. मूठ वळवा, बोटं चोळा, एक वाक्य बोला. नाणं मुठीत आहे यावर त्याचा विश्वास बसायला दोन सेकंद लागतात, ते त्याला द्या.

आरशात दिसलं नाही, व्हिडिओत दिसलं

याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे नेमक्या चोरीच्या क्षणी, म्हणजे नाणं लपवताना, आपली पापणी मिटते. हे नकळत होतं, जवळजवळ प्रत्येकाचं होतं, त्यामुळे आरशात आपली चूक आपल्यालाच दिसत नाही. कॅमेरा पापणी मिटत नाही.

दुसरं कारण उंचीचं. आरसा चेहऱ्यासमोर असतो, फोन मात्र आपण टेबलावर डब्याला टेकवून ठेवतो. तिथून लेन्सला तळहाताखालचं सगळं दिसतं. आधी फोनची जागा पक्की करा, मगच त्या कोनासाठी सराव करा. कॅमेऱ्याचा मोठा फायदाही हाच आहे की बघणाऱ्यांचा कोन एकच असतो. वाढदिवसाच्या कार्यक्रमात एखादं पोर मागे येऊन उभं राहतं, इथे तसं होत नाही.

फोन हातांच्या फार जवळही ठेवू नका. जवळून हात फुगलेले दिसतात आणि बोटांमधल्या फटी उघड्या पडतात. थोडं मागे सरकवून झूम घ्या. उभ्या फ्रेममध्ये जागा अरुंद असते, तेव्हा फ्रेमची हद्द टेबलावर चिकटपट्टीने आखून घ्या. हात एकदा जरी फ्रेमबाहेर गेला तरी बघणारा म्हणणार की तिथेच टाकलं, आणि त्याचं म्हणणं खोटं ठरवायला तुमच्याकडे काही नसतं.

मागे काय आहे तेही बघा. माझी एक चांगली जमलेली क्लिप शोकेसमधल्या स्टीलच्या तांब्याने घालवली. माझा तळहात, त्यातल्या नाण्यासकट, त्याच्या पोटावर वाकडा पण स्पष्ट उमटला होता. तांब्या, काचेची दारं, बंद टीव्ही, स्वतःचा चष्मा, सगळं तपासा.

उजेड, आवाज, कापड

घरातल्या एलईडी दिव्याखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर दोष विजेच्या कंपनाचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. फोकस आणि उजेड पडद्यावरच्या हातावर बोट दाबून लॉक करा, नाहीतर नाणं चमकलं की सगळं चित्र काळवंडतं. खिडकीचा सकाळचा उजेड मिळाला तर दिवाच लावू नका.

दोन नाणी हातात असताना एकमेकांना लागली तर फोनचा माइक तो खळकन आवाज हमखास पकडतो. वर गाणं टाकून तो झाकणं हा उपाय नव्हे. खाली सोलापुरी टेरी टॉवेलची चौपदरी घडी घाला. आवाज मरतो, आणि कापड दबत असल्याने नाण्याच्या कडेखाली नख सहज शिरतं. शहाबादी फरशीवर तेच नाणं उचलताना बोटं घसरतात. सोलापुरी चादर मला जीव की प्राण आहे, पण तिच्या भरगच्च नक्षीवर नाणं हरवून जातं. टॉवेल एकरंगी घ्या.

जोडीचं नाणं जुळत नाही

एक नाणं इथे गेलं, तिथून निघालं, अशा प्रयोगात दुसरं तसंच नाणं लपवलेलं असतं. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की दहा रुपयांची नाणी १४ वेगवेगळ्या नक्षींत आहेत आणि सगळी चलनात वैध आहेत. व्यवहारात नक्षीच्या या फरकाने काही बिघडत नाही, तुमच्यासाठी मात्र तो व्हिडिओ थांबवून बघणाऱ्याच्या हातातला पुरावा आहे. एका नाण्यावर ₹ चिन्ह आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर सगळं संपतं. साल जुळवा, आणि सालाखालची टांकसाळीची खूणही: मुंबईचा पत्त्यातल्या चौकटीसारखा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूण नसते. चमकही सारखी हवी, एक मळलेलं आणि एक नवं चालत नाही. नाणं कानशीने घासून जुळवायला जाऊ नका. २०११ च्या नाणे कायद्याने नाणं नष्ट करायला बंदी आहे, आणि बँकेत सुटी नाणी मागून निवडणं त्याहून सोपं आहे.

व्हिडिओ टाकण्याआधी

मध्ये कट नको. एकही नको, अगदी निष्पाप असला तरी. दोन्ही हात रिकामे दाखवण्यापासून शेवटपर्यंत एकच शॉट ठेवा. कट दिसला की तुमच्या सहा महिन्यांच्या सरावाला बघणारा एडिटिंग म्हणतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला, मनगटावर घड्याळ नको.

तोंडात नाणं टाकणं किंवा गिळल्याचं दाखवणं कधीही करू नका. हे व्हिडिओ दोन-तीन वर्षांची मुलंही बघतात, आणि ती नक्कल करतात.

आणि टाकण्याआधी एका माणसाला दाखवा, शक्यतो जादूची आवड नसलेल्या. मी गेल्या महिन्यात नवी क्लिप अक्कांना दाखवली. त्यांनी विडी वळता वळता एकदाच बघितली आणि विचारलं, "अंगठा का असं धरलाय रे?" त्या दिवसापासून नाणं हातात ठेवून मी भाजी निवडतोय. क्लिप अजून फोनमध्येच आहे.