आपल्या जंक्शनवरच्या थेट डब्याचा इतिहास कसा शोधावा

लांब पल्ल्याच्या गाडीचे काही शयनयान डबे वाटेतल्या जंक्शनवर कापायचे, दुसऱ्या गाडीला जोडायचे आणि प्रवाशाने बर्थवरून न उठता निराळ्याच गावी उतरायचे, ही थेट डब्याची व्यवस्था भारतात आता जवळजवळ संपली आहे. विदर्भात तिच्या खुणा अजून सापडतात. सेवाग्राम एक्सप्रेसचे बल्लारशाहचे डबे वर्ध्याला कापून पॅसेंजरला लागत, हे वरोरा-भद्रावती भागात आजही सांगितले जाते. अशा डब्याचा इतिहास लिहायचा असेल तर गाडीच्या नावापासून नव्हे, जंक्शनपासून सुरुवात करावी.

प्रथम आपल्या भागातले फाटे कागदावर काढून प्रत्येकापुढे रुळांचे माप लिहावे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे किंवा पुलगाव-आर्वी हे मार्ग ७६२ मिलिमीटरचे (नॅरोगेज) होते, तर मुंबई-नागपूर मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरचा (ब्रॉडगेज). त्यामुळे मुंबईचा डबा अचलपूर, यवतमाळ किंवा आर्वीला जाणे कधीच शक्य नव्हते आणि तिथल्या प्रवाशाला मध्यरात्रीसुद्धा वळकटी उचलून गाडी बदलावीच लागे. अकोल्याचा खांडवा-पूर्णा मार्ग पूर्वी मीटरगेज (एक मीटर रुंदीचा) होता, त्यामुळे त्याचे थेट डबे मीटरगेजच्या जाळ्यातच फिरू शकत. याउलट बडनेरा-अमरावती, जलंब-खामगाव आणि वर्धा-बल्लारशाह हे फाटे ब्रॉडगेज आहेत. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, पण नागपूर-राजनांदगाव मार्ग आधी मीटरगेज होता. तो रुंद होईपर्यंत छत्तीसगडकडे थेट डब्याचा प्रश्नच नव्हता. या तक्त्यातून फक्त डबा जाऊ शकत होता की नाही एवढेच कळते. तो जात होता का, याचा पुरावा निराळा लागतो.

तो पुरावा जुन्या वेळापत्रकांच्या तळटीपांत असतो. विभागीय रेल्वेची वेळापत्रके, कोलकात्याहून निघणारे ‘न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ’ हे वेळापत्रकांचे पुस्तक, निवृत्त स्टेशन मास्तरांच्या घरचे गठ्ठे आणि रद्दीची दुकाने यांत शोध घ्यावा. थेट डबा मुख्य मार्गाच्या आणि फाट्याच्या अशा दोन तक्त्यांत लपलेला असतो. म्हणून एका तक्त्यातील आगमनाची वेळ दुसऱ्यातील प्रस्थानाच्या वेळेशी जुळवून पाहावी आणि जाणारी व येणारी बाजू स्वतंत्रपणे तपासावी. गाडीचा थांबा लांब दिसला म्हणून डबा कापला जात असावा, असा निष्कर्ष घाईने काढू नये. वाफेच्या काळात इंजिन बदलणे, पाणी भरणे आणि जेवण यांसाठीही गाड्या बराच वेळ थांबत. शिवाय आपल्या स्टेशनवरून जाणारा डबा भलतीकडेच कापला जात असेल, हेही ध्यानात ठेवावे. दक्षिण एक्सप्रेसचे विशाखापट्टणमचे डबे नागपूरवरून जात, पण त्यांची जोड-तोड काझीपेटला होई.

कागद संपले की माणसांकडे वळावे, आणि प्रवाशांआधी पॉइंट्समन (रूळ बदलणारे कर्मचारी), गार्ड व शंटिंग करणाऱ्यांना (यार्डात डबे हलवून जोडणाऱ्या-सोडवणाऱ्यांना) गाठावे. ‘डबा कधी बंद झाला?’ यापेक्षा ‘डबे पुढून कापायचे की मागून, आणि शंटिंगला इंजिन कोणते यायचे?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण हाताने केलेले काम माणूस तपशिलाने सांगतो: दोन बफरांमध्ये वाकून डबे जोडणारे स्क्रू कपलिंग सैल करणे, व्हॅक्यूम ब्रेकचा होसपाइप सोडवणे, कंदिलाने ड्रायव्हरला इशारा देणे. यार्डात एकट्या पडलेल्या डब्यात दिवे चालत का, हेही विचारावे. जुन्या डब्याखाली आसाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो आणि बॅटऱ्या असत, म्हणून इंजिनाविना उभ्या डब्यातही दिवे-पंखे चालू राहत. २००० साली जर्मनीहून आलेल्या एलएचबी (लिंके-हॉफमन-बुश बनावटीच्या) डब्यांना वीज जनरेटर यानातून किंवा इंजिनातून मिळते आणि त्यांचे कपलरही निराळे आहे. थेट डबे कमी होण्यामागे हे एक कारण होते, परंतु माझ्या मते गजबजलेल्या मार्गावर शंटिंगला वेळ आणि रूळ उरला नाही, हे कारण अधिक वजनाचे आहे.

प्रवाशांच्या आठवणींची कालनिश्चिती बर्थवरून करावी. तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला आणि मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर गादी बसवण्यास सुरुवात झाली. कोणी ‘फळीवर झोपून मुंबईला गेलो’ असे सांगितले, तर ती आठवण बहुधा त्याआधीची किंवा त्याच सुमाराची असते.

तुलनेसाठी बाहेरचे एखादेच उदाहरण घ्यावे. अमेरिकेत रुळांचे माप एकच असूनही कंपन्या वेगळ्या असल्याने शिकागोला गाडी बदलावी लागे आणि किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचे नियमित थेट शयनयान १९४६ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे १९२९ साली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस पेशावर ते मंगळूर अशी सुरू झाली होती, हे त्याशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

नोंद करताना प्रत्येक विधानापुढे वेळापत्रकाचा महिना आणि वर्ष लिहावे. डबा बंद झाल्याचा नेमका दिवस सहसा मिळत नाही. अशा वेळी तळटीप असलेले शेवटचे आणि तळटीप नसलेले पहिले वेळापत्रक, या दोन्हींच्या तारखा द्याव्यात.